मागच्या बाकावरची जागा

मी बी.एड.साठी नागपूरला निघाले, तेव्हा एसटी सुटताना आई खिडकीशी आली. डबा दिला आणि वर ताकीदही. "हे पाय, पोरगं बोलत नसन तं वरडू नोको. त्याच्या बाजूले जाऊन बस." आई गावात अंगणवाडी चालवते, तिचं बी.एड. एवढंच. मागून बाबा म्हणाले, "नाही जमलं तं वापस ये वं. घर काई पयून नाही जात." त्यांनी मायेनंच म्हटलं, पण मला ते झोंबलं. वापस यायचं नाही, हे मी बस फाट्यावर पोचायच्या आत ठरवून टाकलं.

गावात राहिलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला वाटतं मी नागपुरात धरमपेठेत मजेत राहते. धरमपेठेत चौघींत एक खोली आहे, हे खरं. मजा म्हणाल तर कपडे वाळत घालायच्या दोरीवरून रोजची भांडणं. ज्या माझ्यासारख्याच बाहेर पडल्या, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

इंटर्नशिपला मला आठवी ब मिळाली. त्या शाळेत आमच्यासारख्या दरवर्षी येतात आणि काही महिन्यांत जातात. पोरं आम्हाला 'बीएडवाल्या मॅडम' म्हणायची आणि खुशाल गप्पा मारत बसायची. मी ओरडले, टेबलावर डस्टर आपटला. माझा घसा बसला, वर्ग काही बसला नाही.

शेवटचा पाठ बघायला बाहेरून परीक्षक येणार होते. तो बिघडला की बी.एड. अडकलं, आणि मग बाबांचं ते 'वापस ये' खरं झालं असतं. म्हणून सगळ्याजणी करतात तेच मी केलं. आदल्या दिवशी तोच पाठ घेऊन टाकला. पाच हुशार पोरं निवडली, कोणी कोणतं उत्तर द्यायचं ते वाटून दिलं आणि बाकीच्यांना गप्प बसायला सांगितलं. तेव्हा शेवटच्या बाकावरच्या रोहिणीनं हात वर केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"मॅडम, मंग आमी उद्या येऊ नाही का?"

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच म्हटलं, "माझं चुकलं. उद्या सगळे या. हा पाठ विसरा, मी दुसरा घेईन." खोलीवर तिघींनी मला वेड्यात काढलं. एकीनं तर कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी उष्णतेचं वहन घेतलं. परीक्षक मागे वही उघडून बसले होते. मी विचारलं, "गरम भांडं तुम्ही कशानं धरता, आणि का?" वर्ग चिडीचूप. मग आई आठवली. खडू ठेवला आणि सरळ जाऊन रोहिणीच्या बाकावर बसले. "तुमच्याकडे कसं करतात?"

तिच्या आईचा तर्री-पोह्यांचा ठेला आहे. ती हळूच म्हणाली, "आई कपड्यानं तर्रीचा गंज चुलीवरून उतरवते. पण कपडा वला असन तं चटका बसते."

"काहून?" माझ्या तोंडून गावचंच निघालं.

"पानी गरमी लवकर आत आनते," पुढून एकजण ओरडला. "नाही बे, वाफ होते!" दुसरा. मग जो तो आपल्या चुलीचं सांगायला लागला. या गोंधळातच घंटा झाली, माझे शेवटचे प्रश्न विचारायचेच राहिले. परीक्षकांनी लिहिलं: पाठ अपूर्ण, वर्गनियंत्रण कमी. त्या पाठात मी पास झाले, पण काठावर.

इंटर्नशिप संपली त्या दिवशी रोहिणी फाटकात उभी होती. "मॅडम, उद्या येऊन राहिल्या ना?" मला नाही म्हणवेना. मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं आणि तेव्हापासून दर शनिवारी, कॉलेजला सुट्टी असते तेव्हा, आठवी बवर जाते. कोणी हजेरी मागत नाही, तरी जाते. आता मी आत शिरले की पोरं स्वतःहून गप्प होतात, आणि मला तेच बोचतं. मग मीच त्यांना बोलकं करते.

परवा गावी गेले होते. शुक्रवारी निघायला लागले तर बाबा म्हणाले, "दोन दिवस अजून राय ना वं."

"बाबा, घर तं पयून नाही जात," मी म्हटलं, "आठवी ब नववीत जाऊन राहिली."

बाबा हसले आणि पिशवी घेऊन एसटीपर्यंत आले. आई पुन्हा खिडकीशी आली. या खेपेला हातात दोन डबे होते.

"हा तुया. अन् हा त्या रोहिणीचा. तिच्या बाजूले बसून खा."