चाळीस मिनिटांचं जेवण

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी बूड टेकायची नाही, म्हणून बापाने ठेवलेलं. पुढे ती नर्स झाली आणि त्या नावाला पुरेपूर जागली. बावीस वर्षं वॉर्डात नुसती गरगर. पायाच्या शिरा फुगल्या, कंबर गेली, पण हाताला गुण होता. नाकातून पोटात नळी घालावी तर हिनेच. पेशंटला पुरता ठसका लागायच्या आत नळी जागेवर पोचलेली असायची. शिकाऊ डॉक्टरांचं अडलं की तेसुद्धा गुपचूप हिलाच बोलावून न्यायचे.

तर या बाईच्या बापाला अर्धांगाचा झटका आला आणि तो तिच्याच हॉस्पिटलात, तिच्या वॉर्डाच्या दोन मजले खाली दाखल झाला. बाप शिंपी. उभा जन्म कात्री चालवण्यात आणि गिऱ्हाइकांची टर उडवण्यात गेलेला. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं बोबडं झालं, तिखटपणा मात्र शाबूत. गिळणं बिघडलं होतं. घास पोटात जायचा तो फुफ्फुसात उतरेल, म्हणून डॉक्टर म्हणाले, नळी घालू. म्हातारा ऐकतोय कुठला!

"मी काय पाण्याची टाकी आहे, नळीने भरायला? भिंगरे, मला तोंडाने जेवू दे."

तिला ते पटलं. माणसाचं सगळं गेल्यावर चव तरी राहू द्यावी की नाही? आणि दुसरा रस्ता होता. ताठ बसवायचं, हनुवटी खाली घ्यायला लावायची, अर्धा चमचा दाट सूप द्यायचं, गिळलं का ते गळ्याला बोट लावून बघायचं, थांबायचं, मग पुढचा चमचा. एका जेवणाला चाळीस मिनिटं. सकाळी ड्युटीच्या आधी आणि संध्याकाळी सुटल्यावर ती स्वतः भरवायची. अडत होतं दुपारचं. नवरा ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. तिने रजा मागितली.

"अगं, दोन जागा आधीच रिकाम्या आहेत," मेट्रन बाई म्हणाल्या. "तुला सोडलं तर वॉर्ड काय मी ओढू?"

बाई वाईट नव्हत्या हो. त्यांनी स्वतःच दोन वर्षं रजा घेतली नव्हती.

शेवटी बापाच्याच वॉर्डातली नर्स धावून आली, तिची मैत्रीण, जिला सगळे बुटकी म्हणायचे. दोघी एकत्र शिकलेल्या, एका ताटात जेवलेल्या. "तुझा बाप तो माझा बाप. दुपारचं मी बघते, जा तू," ती म्हणाली. पाच दिवस तिने खरंच बघितलं. म्हातारा तिलाही चिडवायला लागला होता.

सहाव्या दिवशी संध्याकाळी त्याला ताप चढला. छातीत घरघर. फोटो काढला तर फुफ्फुसात न्यूमोनिया.

भिंगरी जाब विचारायला निघाली. बुटकी कपड्यांच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसली होती, डोळे सुजलेले.

"किती वेळ दिलास?"

"दहा मिनिटं. खोटं कशाला बोलू? बत्तीस पेशंट आणि मी एकटी. एकाचं रक्त थांबत नव्हतं गं."

भिंगरी तोंडभर शिव्या घेऊन आली होती. त्यातली एकही बाहेर पडेना. कारण त्याच दुपारी, वरच्या वॉर्डात, अशाच एका आजीला तिने स्वतः आठ मिनिटांत अख्खी वाटी भरवली होती. त्या आजीला ताप आला नाही, एवढाच काय तो फरक. ती बुटकीच्या शेजारी बसली. बाहेर जिन्यात नवी कोरी पाटी होती, 'रुग्ण हाच आमचा परिवार'. वॉर्डाला माणूस मिळत नव्हता, पाटी ठोकायला मात्र बरोबर मिळाला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तोंडाने देणं बंद केलं. शिकाऊ डॉक्टराने दोनदा नळी घातली. नाकातून रक्त आलं आणि दोन्ही वेळा म्हाताऱ्याने डाव्या हाताने ती उपसून फेकली. मग नेहमीसारखं तिलाच बोलावलं.

तिने हात धुतले, नळीला जेली लावली आणि एका दमात घातली. नळी पुन्हा उपसली तर औषधही पोटात जायचं नाही, म्हणून तिने बँडेजची पट्टी घेतली आणि बापाचा चांगला हात पलंगाच्या दांडीला बांधला. त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"सिस्टर," तो म्हणाला, "हात सोडा हो."

तापात त्याने ओळखलं नाही, की ओळखूनच असं म्हणाला? विचारायची तिची छाती झाली नाही. आणि तोंडातून बाहेर पडलं ते बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आली तेच.

"सोडते हं आजोबा, थोड्या वेळाने."

गाठ एकदा ओढून पाहिली आणि ती वरच्या वॉर्डात ड्युटीवर गेली.