कर्ण्याचं तोंड गावाकडं

हैदराबादच्या त्या दुकानात शिरले आणि काय बघू नि काय नको असं मला होऊन गेलं. भिंतभर अँप्लिफायर, कुणाची झाकणं उघडी, कुणाचे दिवे लुकलुकणारे. टेबलावर टेपरेकॉर्डर, माइक, वायरींची भेंडोळी. आमच्या गावाहून, चिटगुप्प्याहून, बसमध्ये उभ्यानं आले होते, पाय भरून आले होते, तरी बसायचं भान राहिलं नाही. गिटार सोलापुरी चादरीत गुंडाळून आणली होती. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीनं वाजवायची ती हवाईयन गिटार. नोकरी लागल्यावर मी ती बीदरमध्ये शिकले.

आमचे अप्पा पेटी शिकवायचे. त्यांच्या हाताखालून अर्धा गाव गेला, बाकीचा अर्धा त्यांच्या धाकानं गेलाच नाही. पण मी गिटार धरली तोवर त्यांचे कान गेले होते. खिशात डबी ठेवून कानात घालायचं मशीन आणलं, तर ते किरकिरतंय म्हणून त्यांनी खुंटीला टांगलं. माझं वाजवणं त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. ते एकदा तरी त्यांच्या कानावर घालायचं, एवढाच माझा हट्ट होता आणि त्यासाठी मी शाळेतल्या पगारातून पैसे साठवले होते.

त्या पैशांत दोन गोष्टींपैकी एकच येणार होती. एक, गिटारीचा लहानसा अँप आणि जोडीला जुना टेपरेकॉर्डर, हेडफोनसकट. दुसरं, मोठा अँप्लिफायर आणि त्याचा भला थोरला कर्णा. सोबत दाजी होते, माझ्या अक्काचे यजमान. त्यांची तुरीची अडत, पण जत्रेत स्पीकरची व्यवस्था दरवर्षी त्यांच्याकडंच. त्यामुळं या विषयात आपल्यापुढं कोण, असा त्यांचा थाट.

आमच्याकडं असल्या वस्तूची परीक्षा एकच: आवाज कुठवर जातो? दाजी गल्लीच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. मी गिटार कर्ण्याच्या अँप्लिफायरला जोडून दुकानाच्या पायरीवर बसले आणि तार छेडली. टोकावरून त्यांनी टॉवेल फडकवला.

"यायलंय! इथवर यायलंय!"

"बेटी, मुर्दा बी उठके बैठ जातै," दुकानदार म्हणाला.

मला तर हर्षवायूच व्हायचा राहिला. मेलेला उठून बसतो, तर आमच्या अप्पांचं काय घेऊन बसलात! टेपरेकॉर्डरकडं मी वळूनही बघितलं नाही.

घरी आल्याबरोबर दाजींनी कर्णा माळवदावर चढवला आणि दोरीनं करकचून बांधला, तोंड गावाकडं. कर्ण्याचं तोंड गावाकडंच असतं. त्यात विचारायचं काय, म्हणून कुणी विचारलंही नाही. खाली सोप्यात अप्पांना समोर बसवलं आणि मी भीमपलास सुरू केला. काय आवाज लागला म्हणता! दारात माणसं गोळा झाली. एक बाई हळदीकुंकवाच्या तयारीनंच आली. "कुणाचं लगीन हाय म्हणायचं?" तिनं आईला विचारलं. मी जास्तच रंगून वाजवू लागले.

अप्पा माझ्या हातांकडं टक लावून बघत होते. जरा वेळानं म्हणाले, "अजून चालू कामून करीनास?"

गाव ऐकत होता आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तो माणूस कोरडाच! लोक हसले. दाजींनी घाईघाईनं कर्णा खाली आणून अप्पांच्या पुढ्यात ठेवला. तार छेडली तशी त्यानं अशी किंकाळी फोडली की मांजर तुळईवर चढलं. अप्पांनी मात्र मान हलवली.

"व्हय, गलका ऐकू यायलाय. सूर न्हाई."

मला रडूच आलं. वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त संताप आला, दाजींचा, कर्ण्याचा, स्वतःचा. आई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "ह्यांच्या कानाशी बोलायचं तर माळवदावर कामून चढायलाव?"

बाप रे! कानाशी! डोळे पुसायच्या आधीच मला दुकानातला तो हेडफोन आठवला.

नशीब, लग्नसराई तोंडावर होती आणि कर्ण्यांना गिऱ्हाईक होतं. दुकानदारानं कुरकुर केली, पण अदलाबदल करून दिली. परतीच्या बसमध्ये मी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले आणि दाजींना हातही लावू दिला नाही.

ज्वारीच्या पोत्यांची खोली आम्ही रेकॉर्डिंगला धरली. पोत्यांमुळं तिथं आवाज घुमत नव्हता. दाराला वाकळ टांगली, अँपसमोर उशीवर टेपरेकॉर्डरचा माइक ठेवला आणि रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली. पहिल्यांदा गिरणीचा भोंगा आला. मग शेजारची शेळी आली, आवाजानं आणि मग अंगानंही. मग आईची फोडणी तडतडली. दर वेळी टेप मागं घ्यायची, दर वेळी परत सुरुवात, आणि दर वेळी मला आदल्यापेक्षा जास्त मजा यायची. आपलाच सूर टेपमधून परत ऐकताना अंगावर काटा यायचा. शेवटी एकदा सगळं जमलं.

अप्पांच्या डोक्यावर हेडफोन बसवला, आवाज पार वर नेला आणि बटण दाबलं. अप्पा दचकले. मग त्यांनी डोळे मिटले. मांडीवरची बोटं हलू लागली, पेटीच्या पट्ट्यांवर फिरावीत तशी. ऐकतायत! माझंच ऐकतायत! दाजींनी माझा दंड धरला होता, तो सोडायचं त्यांना भान नव्हतं.

अप्पांनी एकदम हात वर केला. मी टेप थांबवली.

"तुझा गांधार चढायलाय," ते म्हणाले. "पोरीसोरींसारखं वाजवायलीस. परत वाजव."

"अप्पा, पोरीनं एवढं केलंय, जरा चांगलं म्हणा की!" दाजी ओरडले. कानावर हेडफोन होता, अप्पांना काही ऐकू गेलं नाही. ते माझ्याकडंच बघत होते, कपाळाला आठ्या घालून.

एवढ्या आनंदानं मी पुन्हा कधी कुणाची बोलणी खाल्ली नाहीत. गिटार मांडीवर घेतली आणि पहिल्यापासून वाजवायला बसले.