सिन्सच्या जागी फॉर

केंद्रप्रमुखांचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी सहावीच्या वर्गात होते. महाडला पाच दिवसांचं इंग्रजीचं प्रशिक्षण, सोमवार ते शुक्रवार. ते करून आल्यावर आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, बाकीच्या शिक्षकांना मी शिकवायचं. मधल्या सुट्टीत मी त्यांना फोन करून विचारलं, मीच का. ते म्हणाले, ज्यांना विचारलं त्यांनी काही ना काही अडचण सांगितली, म्हणून तुम्हाला न विचारताच नाव देऊन टाकलं.

मी पोलादपूर तालुक्यातल्या सातवीपर्यंतच्या शाळेत अठरा वर्षं शिकवते आहे. इंग्रजीही मीच शिकवते. मुलांसमोर मला कधी भीती वाटली नाही, पण मोठ्या माणसांसमोर इंग्रजीत एक वाक्य बोलायचं म्हटलं की मी लगेच मराठीवर येते. सोमवारी सकाळी पोलादपूरहून महाडच्या एसटीत बसले आणि नाव, गाव, शाळा एवढी तीन वाक्यं तोंडातल्या तोंडात घोकत गेले. शेजारच्या बाईंना वाटलं मी जप करतेय. त्यांनी खिडकीकडे तोंड वळवून मला एकांत दिला.

शिकवायला पुण्याहून एक तरुण मॅडम आल्या होत्या. आमच्यातल्या बहुतेकांच्या मुलीच्या वयाच्या. बोलायला गोड, पण पहिल्याच तासाला त्यांनी सांगून टाकलं की शुक्रवारी प्रत्येकाने वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा, आणि तो पूर्ण इंग्रजीत. माझ्या शेजारी महाडच्या उर्दू शाळेतल्या एक शिक्षिका बसल्या होत्या. वयाने मोठ्या, त्यामुळे मी त्यांना आपा म्हणायला लागले. त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला पळून जावंसं वाटतंय का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग बरंय. मला वाटलं मलाच."

मंगळवारी मॅडमनी एकेक कागद वाटला. त्यावर वीस वाक्यं होती, बरोबर की चूक एवढंच लिहायचं. सातवं वाक्य होतं, 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स'. मी क्षणभरही न थांबता बरोबरची खूण केली. आपांनीही केली.

मॅडम फळ्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, हे वाक्य आपल्याकडे जवळजवळ सगळे असंच बोलतात, आणि यात एक नाही, दोन चुका आहेत. गोष्ट कधी सुरू झाली ते सांगायचं असेल तर सिन्स. किती काळ चालली आहे ते सांगायचं असेल तर फॉर. आणि आधीपासून आजवर चालत आलेल्या गोष्टीला 'आय ॲम' चालत नाही, 'आय हॅव बीन' लागतं. वर्गात हशा पिकला. मीही हसले, पण माझे कान गरम झाले होते.

अठरा वर्षं मी मुलांना सांगत आले होते, 'पासून' म्हणजे सिन्स. दहा वर्षांपासून, सिन्स टेन इयर्स. मला माझ्या शाळेत असंच सांगितलं होतं. आमच्या वर्गात माझ्या हातचा एक तक्ता आहे, त्यावर लाल शाईत ते लिहिलेलं आहे. पण तक्ता काढून टाकता येतो. माझ्या डोळ्यांसमोर एक वेगळाच कागद आला होता.

पंधरा दिवसांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. महाडच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, घरात शिकलेली पहिलीच. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिला मुलाखतीला बोलावलं होतं. स्वतःची ओळख इंग्रजीत करून द्यायची होती. कॉलेजात एवढ्या मुलांत कुणाला विचारायचं, म्हणून ती माझ्याकडे आली. मी मोठ्या हौसेने तिला दहा वाक्यं लिहून दिली. त्यातलं दुसरंच वाक्य होतं, मी वीस वर्षांपासून पोलादपूर तालुक्यात राहते. सिन्स ट्वेंटी इयर्स. मुलाखत याच शुक्रवारी होती.

बुधवारी मी तिला फोन केला नाही. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा कारण साधं होतं. जी मुलगी मला अजून वाकून नमस्कार करते, तिला मी शिकवलेलं चूक होतं हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. दिवसभर स्वतःची समजूत घालत राहिले. मुलाखत घेणाऱ्या साहेबांना तरी कुठे कळणार आहे, तेही असंच बोलत असतील. पण दुपारी डबा उघडलाच नाही. आपांनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी पाणी पुढे केलं आणि म्हणाल्या की त्यांचे यजमान आखातात गेले तेव्हा मुलाखतीची वाक्यं आपांनीच लिहून दिली होती. त्यात काय काय होतं ते आठवायची आता त्यांनाही भीती वाटत होती.

गुरुवारी सकाळपासून फोन लावत होते. लागेना. तिच्या आईला विचारलं तर कळलं की ती शिवथरला मामाकडे गेली आहे, तिथून कारखाना जवळ पडतो म्हणून. शिवथरला रेंज कधी येते, कधी जाते. चार वाजता वर्ग सुटला, तरी मी पायरीवर तशीच उभी होते. आपांनी स्कूटर काढली आणि मला बसा म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हाला घरी जायला उशीर होईल. त्यांनी बुरख्याचं टोक नीट खोचून घेतलं आणि स्कूटर सुरू केली.

भात कापून झालं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती धसकटं आणि मध्ये मध्ये पेंढ्याचे भारे. मी मागे बसून दोन्ही वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत होते, चुकीचं आणि बरोबर, आणि घाटाच्या अलीकडे माझा इतका गोंधळ झाला की आपांना विचारावं लागलं, बरोबर कोणतं. त्यांनी पुढे बघतच सांगितलं.

दारात मामी भांडी घासत होती. आम्हाला पाहून ती उठलीच. "काय झालं, बाई? पोरीची मुलाखत नाय का होणार?"

मी म्हटलं तसं काही नाही, फक्त एक वाक्य बदलायचं आहे. मामीला ते खरं वाटलं नसावं, कारण चहा ठेवताना ती सारखी बाहेर डोकावत होती.

मुलगी वही घेऊन आली. माझा कागद तिने वहीत नीट उतरवून घेतला होता, एकेक वाक्य वेगळ्या ओळीवर. मी तिला सांगितलं की हे मी चुकीचं शिकवलं, तुझी चूक नाही. तिने मान हलवली. मी पेनने दुसऱ्या वाक्यावर रेघ मारली, वर बरोबरचं लिहिलं, 'आय हॅव बीन लिव्हिंग', आणि शेवटी 'फॉर ट्वेंटी इयर्स'. तिने ते पाच-सहा वेळा म्हणून दाखवलं. शेवटच्या तीन वेळा अगदी बरोबर. मला हायसं वाटलं. वही मिटताना तिने विचारलं, "बाई, अजून कुठे चूक आहे का?"

मी वही परत उघडली. दहाही वाक्यं वाचली. आणि मला त्यातल्या एकाचीही खात्री वाटेना. कालपर्यंत जी वाक्यं सरळ दिसत होती ती सगळी संशयित दिसायला लागली. मी वही आपांकडे दिली. त्यांनी वाचली आणि परत माझ्या हातात ठेवली. शेवटी मीच म्हणाले, नाही, बाकी ठीक आहे. ते तिला सांगताना माझा आवाज कसा होता ते मला माहीत आहे, आणि मला वाटतं तिलाही कळलं असावं.

शुक्रवारी तिची मुलाखत अकराला होती आणि माझा पाठ साडेअकराला. मी सिन्स आणि फॉरच शिकवायचं ठरवलं होतं. समोर मुलांच्या जागी माझ्यासारखेच बारा शिक्षक. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, आणि पुढचं वाक्यच सुचेना. मी थांबले. मी मराठीत म्हणाले की माफ करा, हे मी अठरा वर्षं चूक शिकवलं आहे आणि तेच आत्ता माझ्या डोक्यात घोळतं आहे. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींनी फळ्यावरची दोन्ही वाक्यं पुन्हा लिहायला सांगितली, त्यांना उतरवून घ्यायची होती. ती लिहिता लिहिता मला सूर सापडला आणि पाठ कसाबसा पूर्ण झाला.

तिचा फोन दोन वाजता आला. मी व्हरांड्यात जाऊन घेतला. पहिलं वाक्य छान गेलं होतं. दुसऱ्याला तिने 'आय हॅव' म्हटलं आणि पुढे काहीच आठवेना. मी मारलेली रेघ तेवढी तिच्या डोळ्यांपुढे येत राहिली. साहेब थांबले, मग त्यांनी हिंदीतून रसायनशास्त्राचे प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं तिने दिली. कळवतो म्हणाले. मी विचारलं, जुनंच वाक्य बोलली असतीस तर?

ती म्हणाली, "चुकीचं असतं बाई, पण मी थांबले नसते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तेच मला जड गेलं.

निघण्याआधी मी मॅडमना गाठून सगळं सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, तुम्ही योग्यच केलंत. त्या म्हणाल्या की त्याही शिवथरला गेल्या असत्या. पण आदल्या संध्याकाळी वाक्य बदललं असतं का, ते त्यांना सांगता येत नाही. कदाचित त्या तिच्याशी अर्धा तास नुसत्या इंग्रजीत गप्पा मारत बसल्या असत्या. तेवढा वेळ इंग्रजीत गप्पा मारणं मला जमलं असतं का, हा विचार करतच मी एसटी पकडली.

त्या कारखान्यातून तिला काही कळवलं नाही. फाल्गुनात दुसऱ्या एका कारखान्याने तिला प्रयोगशाळेत घेतलं. त्या मुलाखतीला तिने कुणाकडून काहीच लिहून घेतलं नव्हतं. मराठी, हिंदी, इंग्रजी, जे तोंडात येईल ते बोलून आली. आता पाळीप्रमाणे कंपनीच्या बसने जाते. पेढे द्यायला आली तेव्हा तिने तिथे कोणतं वाक्य कसं म्हटलं ते मी विचारलं नाही. आपांना फोन करून सांगितलं, तर त्या म्हणाल्या की शिवथरच्या मामीलाही आठवणीने कळवायला सांगा तिला.

मधल्या काळात आमच्या केंद्रातलं प्रशिक्षण मी घेतलं. चौदा शिक्षक होते. मी सुरुवातीलाच त्या सातव्या वाक्याचं आणि शिवथरला गेल्याचं सगळं सांगितलं, कारण ते लपवून उभं राहणं मला जमलं नसतं. एका नव्या शिक्षिकेने विचारलं, "मग चूक दुरुस्त करायची की नाही, बाई?"

मी म्हटलं, करायची, पण कधी करायची ते मला अजून नीट कळलेलं नाही. तिने ते तसंच वहीत लिहून घेतलं. मला वाटलं होतं सगळे हिरमुसतील. पण एकेकजण आपण वर्गात काय चुकीचं शिकवलं ते सांगायला लागला, आणि जेवणाची सुट्टी झाली तरी कुणी उठलं नाही.