अंगणात पिळलेलं दूध

वकिलीणबाईंच्या मागच्या अंगणात मला फरशीवर बसवलं. भोवती सात बायका. सुईण पुढं आली आणि म्हणाली, "चोळी सोड." मी नाही म्हणाले. दोघींनी हात धरले. सुइणीनं छाती पिळली आणि दूध आलं. पांढरं, खरंखुरं दूध. विधवेच्या अंगातून.

"बघितलंत ना?" वकिलीणबाई म्हणाल्या. आवाजसुद्धा चढला नाही त्यांचा. "पोर कुठं टाकलंस गं? गंगेत?"

मी सव्वीस वर्षांची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. पोरबाळ मला कधी झालंच नव्हतं. टाकणार काय, माझं कपाळ?

सगळं सुरू झालं ते फुलांच्या परडीवरून. नाशकात गंगापूरच्या वाटेला आमचा मळा. गुलाब, शेवंती, झेंडू. वकिलांच्या देवघरात फुलं आमच्याच घरची जायची, रोज सकाळी मी न्यायची. महिन्यातले चार दिवस कावळा शिवला की मी बाजूला बसायची आणि परडी सासूबाई न्यायच्या. बाहेरचीच्या हातची फुलं देवाला चालत नाहीत ना! म्हणजे परडी कुणाच्या हातात आहे एवढं बघितलं की माझ्या अंगातलं सगळं त्या घराला कळायचं. मेली काय रीत.

आणि माझं बाजूला बसणं थांबलं. एक महिना नाही, दोन नाही, आठ महिने. डोकं असं दुखायचं की आतून कुणी घण घालतंय. बाजूनं आलेलं माणूस दिसायचं नाही. बांधावरच्या बाभळीला दोनदा धडकले. सासूबाई म्हणाल्या, "उगा बस की चार दिस कोपऱ्यात. लोकांची तोंडं तरी गप ऱ्हातील."

मी म्हणाले, "येत नाय तर बसू कशाला? देवाशी खोटं बोलू?"

इथं चुकले मी. खऱ्याला धरून बसले. वकिलीणबाई देवघरात माळ ओढत माझे महिने मोजत होत्या. मग एक दिवस त्यांना माझ्या चोळीवर ओले डाग दिसले. त्याच दुपारी सुईण बोलावली.

पुढं बाजारात माझ्या टोपलीला कुणी हात लावेना. "पोर मारलेल्या हाताची फुलं नकोत," एकीनं तोंडावर सांगितलं. तेही गिळलं मी. पण एकदा भाकरी वाढता वाढता सासूबाई थांबल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "खरं सांग, झालं व्हतं का काही?" नवरा गेल्यावरही सहा वर्षं एका चुलीवर रांधलं आम्ही. त्या दिवशी मी ताटावरून उठले.

डोळे आणखी गेले, तेव्हा त्याच मला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथं डोळे तपासले, कवटीचा फोटो काढला. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढं धरला. "डोळ्यांच्या मागं, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात गाठ वाढलीय. तिनंच पाळी थांबवली, तिनंच दूध आणलं, तीच डोळ्यांची नस दाबतेय."

"म्हणजे मूल झाल्याबिगर दूध येतं?"

"येतं."

"मग लिहून द्या. मराठीत."

सासूबाई माझा हात धरून रडल्या. मी रडले नाही. मला नाशिकला परतायची घाई झाली होती. पण आधी महिनाभर डोक्याला विजेचे किरण दिले. कानशिलांवरचे केस गळून गेले. दुखणं थोडं कमी झालं. गाठ जाईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले.

कागद घेऊन थेट वकिलाच्या घरी गेले. वकिलीणबाईंनी वाचला, घडी घालून परत दिला. "बरं झालं कळलं. झालं गेलं गंगेला मिळालं. उद्यापासून फुलं आण. उगाच चारचौघांत बोलत बसू नकोस."

"गंगेला काय मिळालं हो? माझं पोर?" मी विचारलं. "त्याच सात बायका बोलवा. ती सुईण बोलवा. त्याच अंगणात सांगा, हिला मूल झालं नव्हतं."

"पायरी ओळखून बोल!"

आता चढला आवाज. मला बरं वाटलं. तिला बाई म्हणायचं मी त्याच दिवशी सोडलं.

दुसऱ्या दिवशी फुलबाजारात उभी राहिले. शाळेच्या मास्तरांकडून कागद मोठ्यानं वाचून घेतला. मग माळणींना म्हणाले, "वकिलिणीनं माझे महिने मोजले. तुमचेबी मोजतीच हाय ती. माझ्यामागं त्या घरी परडी तुम्हीच नेता ना रोज? उद्या तुमच्यातली कुणी आजारी पडली, तर तिलाबी फरशीवर बसवंल." जिनं माझी फुलं नाकारली होती, तिनंच पहिल्यांदा त्या घराची परडी बंद केली. मग दुसरीनं. दसऱ्याला साऱ्या नाशकात झेंडूचे ढीग लागले होते आणि त्या घराच्या दाराला तोरण नव्हतं. देवाला एक पाकळी नाही. मला गोड लागलं ते. खोटं का बोलू?

मग गड्याबरोबर निरोप आला. चोळीचा खण आणि लुगडं पाठवते, आता पुरे कर. माझी चोळी सोडवणारी मला खण पाठवणार! गड्याला म्हणाले, "सांग तिला, मला खण नको. तिचं तोंड उघडायला पाहिजे."

आता रोज सकाळी तिच्या दारासमोर जाते. ती देवाला बसली की रस्त्यावरून मोठ्यानं सांगते, मला मूल झालं नव्हतं, हिनं मला नागवं केलं. लोक थांबतात. थांबू देत. वकील पोलिसांची धमकी देतो. देऊ दे, चौकीवरही कागद वाचून दाखवीन.

डोळे किती दिवस राहतील, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. गेले तर सासूबाईंचा हात धरून येईन. त्याच अंगणात, त्याच बायकांपुढं, तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी मरायची नाही. आणि तोवर तिलाही सुखानं घास गिळू द्यायची नाही.