फिक्री शलबीची अकरा कार्डं

अलेक्झांड्रियाच्या अनफूशी मोहल्ल्यातला एखादा म्हातारा तोंडभर हसला, की हसू त्याचं असलं तरी दात बहुधा फिक्री शलबीचे असत. चाळीस वर्षं त्याने कवळ्या केल्या. पोरीच्या साखरपुड्याला कोणता बाप उधारीच्या दातांनी हसत होता, पहिली बायको जाऊन तीन महिने झाले नाहीत तोवर कोण घाईघाईने वरची कवळी बसवून गेला, सगळं त्याला ठाऊक. पण माणूस तोंडाचा घट्ट. त्यामुळे मोहल्ल्याला अशा बातम्या दुसरीकडून काढाव्या लागत, आणि मोहल्ला त्या काढतच असे.

फिक्रीला व्यसन एकच. सिगारेट नाही, पत्ते नाहीत, बाई तर नाहीच नाही. जुन्या अलेक्झांड्रियाची चित्रकार्डं. ग्रीक गेले, इटालियन गेले, त्यांच्या घरांतली कपाटं अत्तारीनच्या जुन्या बाजारात आली, आणि कपाटांच्या खणांतून ही कार्डं निघत राहिली. ती विकत घेण्याची फिक्रीची एक पद्धत होती. आधी एखाद्या मोडक्या दिव्याचा भाव विचारायचा. मग गाळणी उचलून बघायची. मग जांभई द्यायची. आणि निघता निघता म्हणायचं, “हे कागद पण टाक त्यात, चूल पेटवायला होतील.” दुकानदार बरकातने हे नाटक तीस वर्षं तोंड गंभीर ठेवून पाहिलं आणि तीस वर्षं दिव्याची किंमत वाढवून घेतली. फिक्रीच्या घरात सतरा मोडके दिवे होते.

“लोकांचे नवरे सवती आणतात,” त्याची बायको नाझली म्हणायची, “माझा दिवे आणतो. तक्रार कुणाकडे करू? काझीसुद्धा हसेल.”

मशिदी, पुतळे, मोठाली हॉटेलं यांच्या कार्डांकडे फिक्री ढुंकूनही बघत नसे. “ती सगळ्यांकडे असतात,” म्हणायचा. कवळी घासताना डोळ्याला लावायचं भिंग तो त्या चित्रांतल्या माणसांवर धरायचा. कार्डांवर रंग चढवणारे रंगारी दूर युरोपात बसलेले, त्यांनी अलेक्झांड्रिया कधी बघितलेली नाही. कुणी समुद्र पुदिन्याच्या सरबतासारखा हिरवा केला, कुणी भर दुपारी सूर्यास्त लावला, आणि एकाने तर पायरीवर बसलेल्या बाईच्या झग्याचा निळा रंग असा सांडला, की तिला हनुवटीखाली झकास निळी दाढी आली. तसलं दुसरं कार्ड जगात कुणाकडे असल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. घरात तिला ‘दाढीवाली’च म्हणत.

ती बाई बसली होती त्या पायऱ्या फिक्रीच्या गल्लीच्या टोकाला होत्या. दगडी, झिजलेल्या, थेट पाण्यात उतरणाऱ्या. त्याच्या कार्डांत त्या पायऱ्यांची साठ वर्षं होती. एकात कोळी जाळं शिवतायत, एकात बाया लोकर धुतायत, एकात गोरी मडम घागरा बोटभर उचलून पाणी बघतेय. माणसं बदलली, पायऱ्या त्याच. आणि नाझली रोज चौथ्या प्रहरी थर्मास घेऊन तिथेच जायची. सोबत शेजारणी, चघळायला खारवलेल्या तिरमिसाच्या बिया, आणि ज्या कुणी आल्या नसतील त्यांच्याविषयीच्या गप्पा. मोहल्ल्यातली निम्मी लग्नं त्या पायऱ्यांवर जुळली आणि उरलेली तिथेच मोडली. वसंताच्या सणाला सगळी गल्ली खारवलेली मासळी आणि कांद्याची पात घेऊन तिथे उतरायची आणि तीन दिवस वास जात नसे.

मग मिदहत आला. आखातात पैसा केलेला, बोटात दोन अंगठ्या, डोक्यावरचे केस कलप लावलेले. दात मात्र स्वतःचे, हे मान्य केलं पाहिजे. त्याने किनाऱ्याचा तेवढा तुकडा भाड्याने घेतला आणि समुद्राला भिंत घातली. भिंतीआड ‘कॅफे मिरामोरा’. दारावर कोट घातलेला रखवालदार, आणि काही खा न खा, बसलात की किमान बिल. त्या बिलात दोन किलो मासळी येते. जन्मभर ज्या पाण्यात पाय सोडून बसलो ते बघायला आता तिकीट, म्हणजे उद्या स्वतःच्या आईला भेटायला पावती फाडा.

मोहल्ल्याने अर्ज केला, की पायऱ्या सगळ्यांच्या आहेत, भिंत हटवा. विभागाच्या कचेरीतले इंजिनियर रिफअत यांनी नकाशा पसरला, बोट फिरवलं आणि म्हणाले, “इथे पायऱ्या नाहीत.”

“होत्या. भिंतीखाली आहेत,” फिक्री म्हणाला.

“नकाशात नाहीत, उस्ताद.”

“मग माझी बायको तीस वर्षं हवेत बसत होती?”

“बाईसाहेब कुठे बसत होत्या ते मी कसं सांगू? पुरावा आणा.”

फिक्री कार्डांच्या झेरॉक्स घेऊन गेला. इंजिनियरने दोन बोटांत धरून परत केल्या. “झेरॉक्सवर काय, मीही माझ्या बायकोला राजकन्या करून दाखवीन. मूळ कागद हवेत. फाइलला लावतो, निकाल लागला की घेऊन जा.”

त्या दुपारी फिक्रीने जेवणाच्या टेबलावर सगळी कार्डं मांडली आणि त्यातली अकरा निवडली. नाझली भेंडी चिरत बघत होती.

“दाढीवाली पण?”

“तिच्याच पाठीवर तारखेचा छाप सगळ्यांत स्पष्ट आहे.”

“हनानच्या बापा, हनानला सासरी पाठवताना तुझ्या डोळ्यांत एवढं पाणी नव्हतं.”

“हनान दर उन्हाळ्यात परत येते.”

“तेच म्हणतेय मी,” नाझली म्हणाली.

इंजिनियरने चिठ्ठी दिली: जुनी चित्रं, नग अकरा. आणि मग सुरू झाली ती वारी सगळ्यांच्या ओळखीची. फाइल वर गेलीय. फाइल खाली आलीय. फाइल समितीत आहे. समितीचे साहेब हजला गेलेत. साहेब परत आलेत, आता फाइल हजला गेली असावी. चार महिने गेले. तेवढ्यात कॅफेचं वाजतगाजत उद्घाटन झालं.

फिक्री गेला नाही. पण नाझलीच्या भाचीने वाढदिवस तिथेच ठेवला, म्हणून नाझलीला जावं लागलं. ती संध्याकाळी घरी आली, चपलाही न काढता दारात उभी राहिली.

“तुझी दाढीवाली भिंतीवर आहे.”

“कुठल्या भिंतीवर?”

“आपल्या. समुद्र अडवलाय त्याच.”

फिक्री घरच्या चपलांतच निघाला. रखवालदाराने अडवलं तेव्हा तो म्हणाला, “बिल देतो, सरक,” आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने भाव न विचारता काही घेतलं. आत जाऊन पाहतो तर खरंच. ज्या भिंतीने समुद्र झाकला तिच्यावर समुद्रच चिकटवलेला, दोन पुरुष उंच, पुदिन्याच्या रंगाचा. त्यात पायऱ्या, झिजलेल्या, प्रत्येक दगड मोजता येईल असा. पायरीवर बाई, दाढीसकट. कोपऱ्यात कुणा ग्रीकाने बहिणीला लिहिलेल्या दोन ओळीसुद्धा तशाच. वर सोनेरी अक्षरांत: ‘त्या सुंदर काळाची आठवण’. आणि लोक त्या कागदी समुद्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. खरा समुद्र भिंतीपलीकडे पाच पावलांवर होता, त्याचा आवाज येऊ नये म्हणून गाणी मोठ्याने लावलेली.

मिदहत धावतच आला. “फिक्रीकाका, या ना, बसा. लिंबू सरबत सांगू?”

“हे चित्र कुठलं?”

“जुनं आहे. एका मित्राने दिलं. छान आहे ना? लोकांना आवडतं.”

“कुठल्या मित्राने?”

मिदहतला उत्तर द्यावं लागलं नाही. मित्र कोपऱ्यातल्या टेबलावर कोलंबी सोलत बसला होता आणि आता पदार्थांच्या यादीत तोंड खुपसून काहीतरी फार मन लावून वाचत होता. इंजिनियर रिफअत. पुढे मोहल्ल्याने दोन दिवसांत छडा लावला, की कॅफेचं सगळं स्वयंपाकघर इंजिनियरच्या मेहुण्याने बसवलंय आणि त्याला ते काम फुकटात मिळालेलं नाही.

फिक्री त्याच्या टेबलापाशी गेला. “इंजिनियरसाहेब, ती भिंत बघा. काय दिसतं?”

“उस्ताद, इथे नको. कचेरीत या.”

“कचेरीत तुम्हाला नकाशा दिसतो. इथे बघा. या काय आहेत?”

“चित्र आहे,” इंजिनियर म्हणाला.

“चित्रात?”

“आता चित्रात काय, कुणीही काहीही काढतो.”

शेजारच्या टेबलावरची पोरगी मध्येच बोलली, “अहो, पायऱ्या आहेत त्या.” तिच्या आईने तिला चिमटा काढला. फिक्रीने बिल दिलं, सरबताला हात न लावता बाहेर आला, आणि घरापर्यंतच्या वाटेवर तीन ओळखीच्यांचे सलाम न घेता गेला. कवळ्यांच्या माणसाने सलाम नाकारला, म्हणजे मामला गंभीर, हे गल्लीला कळलं.

दुसऱ्या दिवशी मिदहत स्वतः घरी आला, मिठाईचा डबा घेऊन. आवाज मधाळ.

“काका, गैरसमज झाला. कार्डं तुमचीच. अकराच्या अकरा परत. वर एक टेबल कायमचं तुमच्या नावाचं, बिल नाही, काही नाही. काकूंनीही यावं.”

“आणि?”

“आणि काही नाही. तुम्ही या विषयातले जाणकार. समितीला दोन ओळी लिहून द्यायच्या, की या पायऱ्या दुसऱ्या किनाऱ्याच्या आहेत. जुनी चित्रं, सगळे किनारे सारखेच दिसतात. कुणाचं काय जातं?”

“आणि नाही लिहिलं तर?”

“मग फाइल आहे, समिती आहे,” मिदहत हळहळून म्हणाला. “सरकारी कचेरीत कागद हरवतात, काका. उंदीर असतात.”

मिदहत गेल्यावर नाझली म्हणाली, “मी यात काही बोलणार नाही,” आणि तासभर बोलली. सार असं, की लिहून टाक. भिंत काही पडत नाही. गरिबाच्या अर्जाने आजवर वीटसुद्धा हललेली नाही. निदान कार्डं तरी घरी येतील. “तू चार महिने नीट जेवला नाहीस. मला बसायला काय, गल्ली आहे.”

आणि ती चौथ्या प्रहरी खरंच गल्लीत जाऊन बसली. फिक्रीने खिडकीतून पाहिलं. भिंतीच्या या बाजूला, प्लास्टिकच्या स्टुलांवर, पाच म्हाताऱ्या थर्मास मध्ये ठेवून ओळीने बसल्या होत्या, सवयीने तोंडं समुद्राकडे. म्हणजे भिंतीकडे. कॅफेच्या मुदपाकखान्याचा पंखा नेमका तिथे बाहेर काढलेला, तो त्यांच्या अंगावर तळणाचा धूर फेकत होता. नाझली ओढणीने चहाचा पेला झाकत होती आणि काहीतरी सांगून बाकीच्यांना हसवत होती. फिक्रीला तिच्या त्या हसण्याचाच सगळ्यांत जास्त संताप आला. मिठाईचा डबा त्याने न उघडता रखवालदाराला नेऊन दिला, त्या बिचाऱ्याने उभ्यानेच अर्धा संपवला.

सकाळी तो कचेरीत गेला, पण रिफअतच्या मजल्यावर थांबला नाही. तिसऱ्या मजल्यावर नोंदणीच्या खोलीत मादाम समीहा बसत. सरकारी गरुडाचा शिक्का त्यांच्या ताब्यात, आणि तो त्या रात्री उशीखाली घेऊन झोपतात अशी वदंता होती. त्यांनी फिक्रीचा अर्ज दोनदा वाचला.

“सरकारला देणगी?”

“हो. अकरा चित्रकार्डं. आमच्या गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक पायऱ्यांची. कायमच्या दफ्तरासाठी.”

“वस्तू कुठे आहेत?”

“खालच्या मजल्यावर. इंजिनियरसाहेबांच्या खणात. ही त्यांची चिठ्ठी.”

मादाम समीहांनी चिठ्ठी पाहिली, चष्म्यावरून फिक्रीला पाहिलं, आणि फोन उचलला. “रिफअत, देणगीची नोंद आहे. वस्तू घेऊन वर ये. नाही, आत्ता. जेवण नंतर कर.”

इंजिनियर आला. पाकीट टेबलावर ठेवताना त्याच्या बोटांना मिठाची पूड लागलेली होती. फिक्रीने ती बोटं कार्डांपासून दूर होईपर्यंत श्वास रोखून धरला. मग कार्डं मोजून मादामसमोर मांडली.

“अरे उस्ताद,” इंजिनियर हळूच म्हणाला, “मी दिलीच असती परत. काय हे खूळ? तुमच्या हातून जातील ती.”

“तुमच्या हातून जावीत म्हणून चाललंय.”

“हे बघा,” मादाम समीहा म्हणाल्या, “एकदा नोंद झाली की परत मिळत नाही. नातवंडाला दाखवायलासुद्धा नाही. पण यापुढे कुणाला ‘पायऱ्या नाहीत’ असं लिहायचं असेल, तर आधी माझी ही नोंद खोडावी लागेल. ती खोडायला कैरोहून माणूस यावा लागतो, आणि मी या खुर्चीत बसल्यापासून तसा कुणी आलेला नाही.” हे त्या इंजिनियरकडे बघत म्हणाल्या. इंजिनियरला खाली काहीतरी काम आठवलं.

मादामनी खण उघडला, शिक्का काढला, जांभळ्या शाईत दाबला. “पाठीवर मारते हं. चित्र खराब नको व्हायला.”

फिक्रीने आयुष्यभर कुणाला कार्डाच्या चित्रावर बोटसुद्धा ठेवू दिलं नव्हतं. स्वतः तो कडांनी धरायचा.

“पाठीवर मारलात, तर कुणीतरी चौकट करून भिंतीला लावील,” तो म्हणाला. “पुढे मारा. पायऱ्यांवर.”

“बघा हं. शाई निघत नाही.”

“मारा.”

पहिला शिक्का पडला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. दुसऱ्यापासून तो स्वतः कार्ड सरकवू लागला, कुठे मारायचा ते बोटाने दाखवत. कोळ्यांच्या जाळ्यावर गरुड, मडमेच्या घागऱ्यावर गरुड, हिरव्या समुद्रावर गरुड. नऊ झाल्यावर मादाम थांबल्या. दहावं, दाढीवालीचं, त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे धरलं.

“हे एवढं सोडू या का? फार देखणं आहे हो.”

“त्याच्यावर दोन मारा,” फिक्री म्हणाला.