मावशींच्या डब्यातल्या गोगलगायी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून जीभ रेटतेय.

तळवड्याच्या एका लहान कंपनीत सांडपाणी साफ करायच्या प्लांटवर मी ऑपरेटर आहे. साफ झालेलं पाणी शेवटी काचेच्या टाकीत येतं. टाकीत गोगलगायी सोडलेल्या — पाण्यातल्या, बोटाच्या पेराएवढ्या. त्या चालताना दिसल्या की तपासणीवाले समजतात, पाणी चांगलं. मी काय करायचो? मेलेल्या काढायचो, ओढ्यातून नव्या आणून सोडायचो. कंपनीत मला गरीब स्वभावाचा म्हणतात. गोगलगाय नि पोटात पाय — दुसरं काय?

झाडलोटीला शेवंतामावशी होत्या, मालवणकडच्या. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्याच पगारावर. हे मला ठाऊक होतं — पक्कं ठाऊक होतं. एकदा टाकीपाशी थांबून त्या म्हणाल्या, "भाऊ, ह्यो आमच्या खाडीत पण असतत. खाऱ्यात जगतत, गोड्यात जगतत. तुमच्याच पाण्यात कित्याक मरतत?" मी हसून टाळलं.

मग एका सोमवारी न कळवता तपासणी आली. आदल्या दिवशी मी टाकी पाहिलीच नव्हती — आळस, दुसरं काही नाही. सगळ्या मेलेल्या. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी मावशींच्या बादलीकडे बोट केलं. म्हणालो, "फिनाइलचं फडकं टाकीत बुडवलं असणार त्यांनी." एवढंच. त्या दुपारी ठेकेदाराने त्यांना काढलं. जाताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं का? कळलं असणारच.

दोन दिवसांनी झाडू ठेवायच्या खोलीत त्यांचा स्टीलचा डबा सापडला. आत बोअरचं पाणी आणि अकरा गोगलगायी. टाकीतल्या अर्धमेल्या उचलून मावशी त्यात ठेवत असाव्यात. सगळ्या चालत होत्या. ज्या हातांवर मी फिनाइल लावलं, त्या हातांनी जगवलेल्या.

डबा घेऊन मॅनेजरकडे जाता आलं असतं. केबिन वीस पावलांवर होती.

पण तपासणी पुन्हा यायची होती. मी त्या अकरा गोगलगायी टाकीत सोडल्या. तपासणीच्या साहेबांनी वाकून पाहिलं, मान डोलावली, सही केली.

दुसऱ्या दिवशी त्या अकराही गोगलगायी मेल्या. डबा धुऊन मी घरी आणला. बायको त्यात मीठ ठेवते.