भागूने लावलेला कौल

भागू पहिल्यांदा लक्षात राहिला तो आमच्या शाळेच्या सहलीत. शिनोलीच्या वर डोंगरात त्याची वाडी. तिथली देवराई बघायला मुलं गेली होती; दाखवायला भागू होता. राईच्या तोंडाशी तीन जुने बेहडे. आठ मुलांनी हात धरून कडं केलं तरी एका बुंध्याला पुरेना. "चपला हितंच ऱ्हाऊ द्या," भागू म्हणाला, "आन् मोजा निवांत. झाड कुठं पळून जातंय?" घरातल्या वडीलधाऱ्याची ओळख करून द्यावी तसा तो बोलत होता.

भागू येईल त्याला राई दाखवायचा. पुढे त्या बेहड्यांचे फोटो मोबाइलवर फिरले आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागू लागली. वाडीतल्या दादाभाऊने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. गाड्या लावायला जागा हवी, म्हणून त्याचा डोळा बेहड्यांवर गेला. वाडीलाही ते तोडणं पटलं. पण देवाला विचारल्याशिवाय राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही, आणि विचारायचा मान भागूच्या घराचा. देवाच्या शिळेच्या दोन्ही अंगांना एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची, प्रश्न मनात विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

सगळी वाडी मागे बसली. भागूने पाकळ्या लावून डोळे मिटले. 'तोडू का' हे शब्द त्याच्या मनात उमटेचनात. बापाने, आज्याने राईतलं उभं झाड कधी मागितलं नव्हतं. त्याच्याकडून विचारलं गेलं ते एवढंच : देवा, राखायची ना ही झाडं?

उजवी पाकळी पडली. त्याने आनंदाने हात जोडले. मागून दादाभाऊ म्हणाला, "झालं. देवानं दिली परवानगी."

तेव्हा कुठे भागूला कळलं, आपण काय करून बसलो.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. लंकाबाईचा भाकरी थापता थापता हात थांबला. "बोलू नका कुठं. वाडीतली निम्मी लग्नं तुमच्या पाकळीवर ठरल्यात. उद्या लोक म्हणतील, तवा तरी ह्यानं काय इचारलं व्हतं कुणाला ठावं."

तरी दुसऱ्या दिवशी तो दादाभाऊकडे जाऊन खरं ते बोलला. दादाभाऊने चहा पुढे केला. "भागूभाऊ, तू मनात काय म्हणलास त्याला साक्षीदार कोण? पाकळी समद्यांनी बघितली. आन् ही पावणं हितं आणली कुणी? तूच ना राव?"

भागू चहा तसाच ठेवून उठला. चारचौघांत सांगावं, तर वाडीचे आजवरचे सगळे कौल खोटे. गप्प बसावं, तर देवाने राखायला सांगितलेली झाडं जाणार. दोन दिवस तो देवळापर्यंत जायचा, तिथे बसलेल्या माणसांत उभा राहायचा, हवापाण्याचं बोलून परत यायचा. तिसऱ्या दिवशी करवतीचं मशीन आलं. पहिला बेहडा दुपारपर्यंत पडला.

भागूने पुन्हा पाकळी लावली नाही; आता कौल लावायचं काम त्याचा पुतण्या भिका करतो. भागू शनिवार-रविवारी बेहड्यांच्या मोकळ्या झालेल्या जागेत शिट्टी घेऊन उभा असतो आणि पाहुण्यांच्या गाड्या लावून देतो.